विषाच्या कादंबरीला कोरा चहा

मु. बोरी अरब, ता. दारव्हा
चैत्र वद्य दशमी, शके १८८३

तीर्थरूप दादांस,

धाकट्या नागोरावाने बोरीहून आपल्या पायांवर डोके ठेवले आहे असे समजावे. (एवढ्या लांबून ठेवलेल्या डोक्याला धूळ लागत नाही, पण भाव कमी नाही.) मारुतीच्या कृपेने इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत. आपला गुडघा कसा आहे ते कळवावे. निरगुडीचा पाला बांधता आहातच. त्याआधी एरंडाचे तेल कोमट करून चोळले तर लवकर उतार पडतो, असे आपल्या धाकट्या भावजयीचे, म्हणजे कांताबाईचे, म्हणणे आहे. तिचे म्हणणे पत्रात न घातल्यास पत्र पुरे होत नाही, म्हणून ते वरच घालून टाकले. उन्हे तापू लागली आहेत, तेव्हा सकाळची फेरी आपण ऊन चढायच्या आत आटोपत असाल.

आपले पत्र पोचले. अक्षय्य तृतीया झाली की तुळसाअक्काला कायमची पुसदला घेऊन जातो, वडील भावाचे घर असताना बहिणीने धाकट्याच्या दारी राहणे बरे दिसत नाही, असे आपण लिहिले. आपले म्हणणे मला मान्य आहे. आपल्यापुढे उलट बोलायची मला लहानपणापासून सवय नाही, आणि ती पन्नाशीला टेकल्यावर लावून घ्यायची म्हणजे दात हलायला लागल्यावर ऊस सोलायला बसण्यासारखे आहे. भाऊजी वारले तेव्हा अक्का आपल्याकडे न येता माझ्याकडे आली, ती केवळ नेरहून बोरी जवळ पडते म्हणून; त्यात माझा काही मोठेपणा नाही आणि आपला काही कमीपणा नाही. तेव्हा अक्का आपल्याकडे येणार हे धरूनच मी लिहायला बसलो आहे. पण कोणाच्या घरी भिंतीवरचे घड्याळ पाठवायचे झाले, तर त्याला किल्ली केव्हा द्यायची आणि किती द्यायची हे सांगून पाठवावे लागते. त्याप्रमाणे सांगतो. अक्काला दुपार कलली की रहस्याची कादंबरी लागते, आणि कादंबरी ज्या प्रकारची असेल त्या प्रकारचा चहा लागतो.

आता आपल्या कपाळाला आठी पडली असेल. आपल्या घरात चहा शिजत नाही हे साऱ्या गोतावळ्याला ठाऊक आहे. चहाने रक्त जळते, भूक मरते आणि माणूस पत्ते खेळायला लागतो, असे आपले मत आहे, आणि आपल्याकडे आलेल्या पाहुण्याला तुळशीचे गरम पाणी पिऊन दिग्रसच्या गाडीपर्यंत तग धरावा लागतो. कादंबरीबद्दलचे आपले मतही मी ऐकून आहे. त्यातून खुनाची कादंबरी. पण दादा, सगळे खून सारखे नसतात. बाजारात कापसाची प्रत लावतात तशी अक्काने त्यांची प्रत लावली आहे. ज्यात सुरे चालतात, रक्ताचे ओघळ जिन्यावरून खाली येतात आणि गुंड मोटारीतून पळतात, ती पुस्तके आमच्या ओट्यावर चढत नाहीत. आमच्याकडे चालतात ते सोवळे खून. (हे नाव अक्कानेच ठेवले.) सोवळ्या खुनात मरणारा पहिल्या पानाच्या आधीच मरून मोकळा झालेला असतो, तो सहसा कोणाला फारसा आवडत नसतो, घर चांगल्या चालीरीतीचे असते, आणि एखादा पेन्शनीत निघालेला मास्तर किंवा एखाद्या वैद्याची विधवा चार घरी बसून, चहा पीत, कोणाला न दुखवता छडा लावते. शेवटी गुन्हेगारसुद्धा आवाज न चढवता कबूल होतो आणि आपला चष्मा पुसतो. दारव्ह्याच्या एका वाचनालयात अशी पुस्तके आहेत. दुकानाचा माल आणायला जातो तेव्हा मी एखादे घेऊन येतो.

हे सुरू कसे झाले ते सांगतो, म्हणजे कोणाला रागवायचे ते आपल्याला ठरवता येईल. भाऊजी नेरच्या कापूसबाजारात वजनकाट्यावर होते हे आपल्याला माहीतच आहे. दुपारी ते घरी येत, आणि दोघे नवराबायको उंबऱ्याशी बसून एकाच भांड्यातला चहा पीत. कप भाऊजींचा, बशी अक्काची. भाऊजी फुंकर मारत आणि बाजारातल्या गमती सांगत, अक्का हसता हसता बशी सांडे. मी नेरला गेलो की मला त्यांच्यामध्ये बसायला मिळे, आणि खरे सांगतो दादा, देवळात गेल्यावर जसे आपण उगाच हळू बोलतो तसे मी तिथे हळू बोलत असे. ते गेल्यावर अक्काने चहा सोडला. कोणी काशीला जाऊन आवडते फळ सोडते, हिने घरी बसून चहा सोडला, आणि त्याच्याबरोबर बोलणेही बहुतेक सोडले. चातुर्मासात मी ओट्यावर पोथी वाचतो, तेवढी ऐकायला ती येऊन बसायची. कार्तिकात पोथीची समाप्ती झाली आणि तिच्या दुपारी रिकाम्या पडल्या. एकदा मी दुकानातून मागे आलो तर ती अंगणात बसून सूप पाखडत होती, आणि सुपात काही नव्हते.

त्याच आठवड्यात मी दारव्ह्याला गेलो होतो. वाचनालयात काही भक्तीचे मिळते का म्हणून शिरलो, पण तिथे उभा असताना मला आपला माळा आठवला. जोंधळ्यात पाखरे हाकायला आपण तिघे चढून बसत असू. गोफण आपली, गोटे मी वेचून द्यायचे, आणि अक्का नुसतीच ओरडायची. मध्येच दादा, आपण गोष्ट सांगायचे. पाटलीणबाईच्या पाटल्या कोणी नेल्या? घरात तर फक्त न्हावी, कोतवाल आणि मामेसासरा एवढेच येऊन गेले. आणि नाव सांगायची वेळ आली की आपण गोफण खांद्यावर टाकून माळ्यावरून उतरून चालू लागायचे. अक्का मागे धावे, मी रडे, पाखरे पोटभर खात. त्या पाटल्या कोणी नेल्या हे आपण अजून सांगितलेले नाही. (माझा संशय मामेसासऱ्यावर आहे.) हे सगळे आठवून मी भक्तीचे पुस्तक मागायच्या ऐवजी छड्याचे पुस्तक मागितले. म्हणजे मूळ पाहू गेल्यास हे व्यसन घरात आपणच आणले आहे, पण मी ते बोलून दाखवणार नाही.

आता चूक कुठे झाली ते ऐका. मी मांडी घालून पुस्तक उघडतो ते पोथीच असते, असा घरातल्या बायकांचा समज. मी ओट्यावर बसलो, पुस्तक चौरंगावर ठेवले, चष्मा पुसेपर्यंत अक्काने त्याच्यावर झेंडूचे फूल ठेवले आणि कांताबाईने वेष्टनाला हळदकुंकू लावले. मला त्याच वेळी सांगता आले असते. पण वाहिलेले फूल उचला असे कोणत्या तोंडाने म्हणावे? म्हणून मी डोळे मिटून मारुतीचे नाव घेतले आणि वाचायला लागलो की, रावसाहेब आपल्या खोलीत मृत आढळले. अक्काने हात जोडले. दुसऱ्या पानावर तिने ते सोडले, तिसऱ्यावर ती भिंत सोडून पुढे सरकली, आणि मी थांबून घसा खाकरला तर मला म्हणाली की खाकरणे मग कर, कुलूप आतून होते की बाहेरून ते आधी सांग. त्या पुस्तकातली वैद्याची विधवा पहिल्या अध्यायाच्या शेवटी मोलकरणीला समोर बसवते, तिला आपल्या हाताने चहा ओतून देते, आणि दोघी काही न बोलता पितात. एवढेच आहे, त्यात रहस्य काही नाही. मी पुस्तक मिटले. अक्का आत वळून म्हणाली,

“कांता, मले बी घोटभर दे.”

कांताबाईने त्या चहात साखर दोनदा घातली आणि पत्ती घालायची विसरली. अक्का ते गोड पाणी शेवटपर्यंत प्याली. मी शाळेत सातवीपर्यंत शिकलेला माणूस, शास्त्रात काय बसते आणि काय नाही हे मला सांगता येत नाही. पण त्या संध्याकाळी देवापुढे दिवा लावला तेव्हा ती कादंबरी मी क्षणभर कपाळाला लावली. कोणी पाहिले नाही.

मात्र एकदा फूल पडल्यावर पोथीचे सगळे नियम त्या पुस्तकाला लागू झाले. मधले पान गाळायचे नाही. शेवट आधी उघडून पाहायचा नाही. मी एकदा दुकानात एकटा असताना मागची पाने नुसती चाळली, तर अक्काने माझ्या वाचण्यावरून ओळखले, कारण माझ्या आवाजात खऱ्या चोराबद्दल जरा कमी आपुलकी आली होती. अध्याय संपल्याशिवाय उठायचे नाही, आणि संपला की तीर्थाच्या जागी चहा. पुस्तक परत करायला गेलो तेव्हा वाचनालयाच्या गृहस्थांनी वेष्टन उलटसुलट करून मला विचारले की ही कादंबरी कोणाच्या हळदीला गेली होती काय. तेव्हापासून मी वर्तमानपत्राचे वेष्टन घालतो आणि हळदकुंकू त्याच्यावर लावतो.

आता चहाचे. माझ्या दुकानात भुकटीही असते आणि पानाची पत्तीही असते, त्यामुळे अक्काला प्रयोग करायला माल कमी पडला नाही. चोरीचे पुस्तक असेल तर गवती चहा, कारण चोरीत कोणाचा जीव जात नाही, आणि हलक्या दुःखाला हलका वास पुरतो. भुताचा भास असलेल्या पुस्तकाला सुंठ आणि मिरे, कारण भीती पहिल्यांदा पोटात बसते. कोणी नाहीसा झाला असेल आणि घरचे वाट पाहत असतील, तर वेलदोडा. वेलदोड्याच्या चहाला पाहुणा वास घेत येतो असे ती म्हणते. (भाऊजींना वेलदोडा आवडत असे. मी ते बोलत नाही.) वाटणीवरून खून झाला असेल तर गुळाचा चहा. याचे कारण अक्काने मला समजावून सांगितले: गुळाच्या चहात दूध घाईने घातले की फाटते, आणि भाऊबंदकीचेही तसेच आहे, वरून गोड आणि आतून केव्हा नासेल नेम नाही. म्हणून दूध शेवटी, भांडे चुलीवरून उतरल्यावर, जपून घालायचे. आणि विषाच्या पुस्तकाला कोरा चहा, दुधाचा थेंब नाही. का, तर दुधाच्या चहात काय मिसळले ते दिसत नाही, कोऱ्या चहात कपाचा तळ दिसतो. हे ऐकून मी हसलो होतो. पुढे हसायचे राहिले नाही, ते सांगतोच.

ऐकायला आधी आम्ही घरचेच होतो. मग बंजाऱ्यांच्या तांड्यावरची बसंतीबाई येऊ लागली. ती दुकानात मीठमिरची न्यायला येते, डोक्यावरचा भारा न उतरवता एक अध्याय उभ्याने ऐकते आणि जाताना गुन्हेगाराचे नाव सांगून जाते. तिच्या मते प्रत्येक पुस्तकात गुन्हेगार एकच, तो म्हणजे छडा लावणारा. जो घरोघरी फिरून विचारते त्याले सारं आधीच ठाव असते, असे तिचे म्हणणे, आणि एवढी पुस्तके झाली तरी तिचा धीर सुटलेला नाही. शेजारचे उकंडाजी खोब्रागडे शिवणकाम करतात. छप्पन सालच्या दसऱ्याला ते नागपूरला जाऊन बौद्ध झाले. पूर्वी पोथीच्या वेळी ते रस्त्यापलीकडच्या निंबाखाली उभे असत आणि वर या असे त्यांना कोणी म्हणत नसे. नागपूरहून आल्यावर ते निंबाखालीही उभे राहिनात. या पुस्तकाचे वाचन कानी गेल्यावर ते कात्री हातात घेऊनच रस्ता ओलांडून आले आणि मला विचारले की यात देव आहे काय. मी नाही म्हटले. चोर आहे काय? आहे म्हटले. मग बसतो, म्हणाले, आणि ओट्यावर माझ्या शेजारी बसले. कांताबाईने एकदा कपांकडे पाहिले. अक्काने त्यातलाच एक उचलला, भरला आणि त्यांच्यापुढे ठेवला. तेव्हापासून तो प्रश्न आमच्या घरात निघालेला नाही, पण शिवणारा माणूस तो शिवणारा: कोणत्या बाईच्या लुगड्याचा काठ कुठे फाटला हे लेखकाने लिहिले नसेल तर उकंडाजी लेखकावर रागावतात.

आता आमच्या लेकीच्या, शेवंतीच्या सोयरिकीचे. नेरच्या गुणवंतरावांच्या मुलाशी जमल्याचे मी आपल्याला मागेच कळवले होते. कशी जमली ते कळवले नव्हते. फाल्गुनात ते मुलगी पाहायला यायचे होते. ठरला होता बाजारानंतरचा दिवस, पण त्यांना कोणाची तरी बैलगाडी मिळाली, म्हणून ते गुणवंतराव, त्यांचे मेहुणे आणि एक म्हातारी आत्या असे तिघे बाजाराच्या आदल्या दिवशीच येऊन उतरले. त्या दुपारी ओट्यावर विषाचे पुस्तक चालू होते. त्यातले मरणारे रावबहादूर अक्काला फार आवडून गेले होते (असे क्वचित होते), कारण ते बाजारातून आले की बायकोला गमती सांगत. त्यांना चहातूनच विष दिले गेले हे कळले तो हाच अध्याय. अक्काने डोळ्याला पदर लावला. तिचे पाहून कांताबाई रडू लागली. दोघींचे पाहून बसंतीबाईने भारा खाली ठेवला आणि तांड्याच्या रीतीने सूर धरला. उकंडाजी मान खाली घालून बसले होते. मी चौरंगावर फूल वाहिलेले पुस्तक घेऊन, पोथीच्या सुरात वाचत होतो. आणि सगळ्यांपुढे कोरा चहा.

दादा, दुखवट्याच्या घरात दुधाचा चहा करत नाहीत हे आपल्या भागात पोरालाही कळते. पाहुण्यांनी ते सगळे पाहिले आणि वहाणा रस्त्यातच काढल्या. आत्याबाई पुढे झाल्या आणि अक्काच्या गळ्यात पडल्या. गुणवंतराव माझ्याजवळ येऊन बसले, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि दहाव्यापर्यंत वाचायच्या पोथीकडे पाहावे तसे त्या पुस्तकाकडे पाहिले. पाहुणे आल्याचा आनंद दाखवावा तर शोभेना, आणि दुःख तर आधीच चालू होते. कांताबाईला जे सुचले ते तिने केले, म्हणजे त्यांनाही कोरा चहा दिला. मग गुणवंतरावांनी अगदी हळू आवाजात अक्काला विचारले,

“कोन गेलं बाई?”

“रावबहादूर,” अक्का म्हणाली. “चहातून ईख घातलं, भाऊ. आमाले तं भावजयीवर संशय हाये.”

आणि अक्काची भावजय त्या वेळी किटली घेऊन गुणवंतरावांच्या डोक्याशी उभी होती. तिघा पाहुण्यांनी आपापल्या कपात पाहिले. कोरा असल्यामुळे तळ दिसत होता, हाच काय तो अक्काच्या शास्त्राचा त्यांना झालेला उपयोग. ते हात जोडून उठले, बैल अजून सोडलेही नव्हते, आणि गाडी आली तशी नेरच्या वाटेला लागली. शेवंती आत भाकरी थापत होती, तिला कोणी आले होते हेच माहीत नाही. कांताबाई पुढे होळीपर्यंत माझ्याशी बोलली नाही, आणि अक्काशी बोलली तेव्हा एवढेच म्हणाली की आता पुढचा चहा मी आधी पिऊन दाखवीन मग तुम्ही प्या. अक्का म्हणाली की पुस्तकातली भावजयही असेच म्हणाली होती.

मी सोयरीक गेली असे समजून मारुतीला रोज थोडे जास्त वेळ हात जोडत होतो. तर त्यापुढच्या आठवड्याच्या बाजाराला गुणवंतराव एकटेच दुकानात आले. खोबरे घेतले, लवंगा घेतल्या, लवंगा परत दिल्या, इकडचे तिकडचे बोलले, आणि शेवटी पागोटे नीट करत मला विचारले की मग ती भावजयच होती काय. म्हणजे ती पोथी नसून कादंबरी होती, हे वाटेत त्यांच्या मेहुण्याने रावबहादुरांवरून ओळखले होते. मी त्यांना काही सांगितले नाही. दुपार कलल्यावर बसा म्हटले. ते बसले. दोन अध्याय ऐकले, कोरा चहा मागून घेतला, आणि उठताना म्हणाले की ज्या घरात कोणाच्या तरी रावबहादुरासाठी एवढे रडतात त्या घरची मुलगी आम्हाला चालेल. लग्न मार्गशीर्षात धरायचे आमचे ठरले आहे. आपण वडीलधारे, तेव्हा तिथी आपणच काढावी.

एवढे लिहिल्यावर माझे म्हणणे आपल्या ध्यानात आलेच असेल. मी अक्काला पाठवत नाही असे म्हणत नाही. मी फक्त एवढेच सांगतो की तुळशीच्या गरम पाण्याबरोबर कोणते पुस्तक वाचावे हे मला ठाऊक नाही. दुपारी मी ओट्यावर बसतो तेव्हा कधी कधी मनात येते की पोथीत आणि यात फरक तो किती. तिथेही खरे काय ते शेवटी बाहेर येते आणि इथेही येते. तिथेही आपण ते धरूनच ऐकायला बसतो. अक्काचे गेलेले माणूस तिला कोणी परत देणार नाही, हे खरे बाहेर येऊन चुकले आहे. पण त्यानंतर पुन्हा बशीत चहा ओतून घ्यावा असे माणसाला वाटू लागते, हे मी या डोळ्यांनी पाहिले, आणि ते पुसदला गेल्यावर पुन्हा वाटेनासे होईल अशी मला भीती आहे. आपण वडील आहात. वहिनी गेल्यापासून आपले घर मोठे वाटत असेल आणि बहिणीचा आधार व्हावा असे वाटणे रास्त आहे. तरी एवढा उन्हाळा तिला इथेच राहू द्यावे, पावसाळ्यात वाटा खराब होतील, मग चातुर्मास लागेल, आणि मग शेवंतीचे लग्न येईल, एवढीच पायांवर डोके ठेवून विनंती. लहान तोंडी मोठा घास झाला असल्यास तो आपण गिळून घ्यावा.

आपला धाकटा,
नागोराव

ता. क. पत्र पुरे झाले तेव्हा अक्का मागे उभी होती. काय लिहिले ते वाच म्हणाली. मी वाचून दाखवले. मध्ये दोन ठिकाणी गाळले, ते तिने ओळखले आणि वाचून घेतले. ऐकून झाल्यावर तिने माझ्याकडे पाहिले नाही. म्हणाली, “एवढं मोठं पत्र लिव्हलं तू, पन दादाले आता जेवाले कोन वाढते, थे इचारलंच नाही.” विचारले नव्हते हे खरेच होते. मग ती उठली आणि दोरीवरची लुगडी काढून घड्या घालायला लागली. तेव्हा दादा, अक्का येत आहे. अक्षय्य तृतीयेपर्यंतही थांबत नाही म्हणते.

ता. क. आणखी एक. हल्ली चालू आहे ते पुस्तक अर्धे झाले आहे आणि ते ती अर्धे ठेवून निघणार नाही, म्हणून बरोबर घेतले आहे. नाहीसे झालेल्या माणसाचे आहे, तेव्हा वेलदोडे एका पुरचुंडीत बांधून दिले. वाचून आपल्यालाच दाखवावे लागेल. आपला आवाज माझ्यापेक्षा चांगला आहे; फक्त ऐन वेळी उठून जाऊ नये. वाचनालयात त्या पुस्तकाची दुसरी प्रत नाही, मी विचारले.

ता. क. कांताबाईने वरील सर्व ऐकले. तिचे म्हणणे असे की दुकान मी पाहते, तुम्हीही जा. अक्का गेल्यावर दुपारी या ओट्यावर तुमचे तोंड मला पाहवणार नाही. म्हणून पत्र टपालात टाकले नाही, मीच हाती आणून देत आहे. आपण हे वाचत असाल तेव्हा मी बाहेर ओट्यावर बसलेला असेन आणि अक्का आत आपली चूल पेटवत असेल. चहाचे भांडे आम्ही आणले आहे. नको म्हणायचे असेल तर दादा, एक घोट घेतल्यावर म्हणावे.